बॅलन्सरचे पंच्याऐंशी डॉलर

बेकर्स फोर्ड, नेब्रास्का
१४ जानेवारी १९९३

ती. आर्डिथताईस,
व्हर्लिनचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण बाबांची पिकअप. येत्या ऑगस्टात तिसरी जत्रा. मृत्युपत्रातली अट तुला पाठ आहेच, तरी पुन्हा लिहितो, म्हणजे माझी उजळणी होईल. बाबा गेल्यानंतरच्या तिसऱ्या जत्रेपर्यंत या पिकअपने जत्रेच्या शर्यतीतली ओझ्याची घसरगाडी दोनशे सत्त्याऐंशी फुटांपुढे ओढली, तर गाडी आपल्या दोघांची. नाही ओढली, तर मर्लकाकांची. त्यासाठी बाबांनी ठेवलेले चोवीसशे डॉलर, ते तुझ्याकडे. मी खर्चाचा कागद द्यायचा, तुला पटला तरच पैसे सुटायचे. बाबांनी सोळा वर्षं ओढून स्वतः दोनशे सत्त्याऐंशीच्या पुढे टायर नेलं नाही, आणि आता मी न्यावं म्हणतात.

मर्लकाकांनी गाडी आपलीच झाली असं धरलंय. दर रविवारी चर्च सुटलं की टेप घेऊन येतात आणि मागचा हौदा मोजतात. त्यात माती भरून पेटुनियाची फुलं लावणार आहेत. मी म्हटलं, काका, माप गेल्या रविवारीच घेतलंत की. तर म्हणाले, थंडीने पत्रा आकसतो.

तर मी इंजिनाचा स्ट्रोकर करायचं ठरवलंय. तुला सोप्या शब्दांत सांगतो. ठोकळा तोच ठेवायचा, आत जास्त फेकीचा क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा, बसवायचा, म्हणजे पिस्टन जास्त लांब धावतो आणि तीनशे पन्नास घनइंचांचं इंजिन तीनशे त्र्याऐंशीचं होतं. बाहेरून बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. अंदाजपत्रक असं: सिलिंडर मोठे करून घेणे २६०. पिस्टन, रिंगा आणि दांडे ६१०. कॅम १४५. गॅस्केटं ५५. क्रँक, देव देईल. डोनट २०. अनपेक्षित खर्च अडीच डॉलर. एकूण एक हजार ब्याण्णव डॉलर पन्नास सेंट. बघ, तेराशे वाचवले.

बाकी क्षेम. तुझी भावजय ट्वायला आठवण काढते. तुझा लोभ आहेच, तो या कागदामुळे आटू नये एवढंच मागणं.

तुझा धाकटा,
व्हर्लिन


लिंकन
२३ जानेवारी १९९३

चि. व्हर्लिन यास,
अनेक आशीर्वाद.

सोप्या शब्दांत समजावलंस, उपकार झाले. चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात हेच इंजिन बाबांबरोबर कोणी उघडून बांधलं ते तुझ्या लक्षात नसणार. तू तेव्हा दंतवैद्याच्या मुलीच्या मागे होतास.

कागद नापास. मी कौंटीच्या खजिनदार कचेरीत अठरा वर्षं काढली, पण "देव देईल" ही खर्चाची बाब अजून पाहिली नाही. देवाकडून पावती घे आणि जोड. अनपेक्षित खर्च अडीच डॉलर लिहिणाऱ्याने इंजिन कधी जवळून पाहिलंय का, अशी शंका येते. बेअरिंगं कुठे आहेत? तेलपंप कुठे आहे? लांब फेकीच्या क्रँकबरोबर फिरताना दांड्यांचे बोल्ट ठोकळ्याच्या कडेला आपटतात, तिथे घासून चंद्रकोरीएवढी जागा करावी लागते, ती कोण करणार?

आता नीट वाच. तू चारशेच्या इंजिनाचा क्रँक बसवणार, कारण तोच स्वस्तात मिळतो. त्याचा तोल त्याच्या एकट्याच्या अंगात नसतो, थोडा पुढच्या टोकाच्या जड चकतीत, म्हणजे बॅलन्सरमध्ये असतो आणि थोडा मागच्या फ्लायव्हीलच्या चाकात. म्हणून ती दोन्हीही चारशेचीच हवीत. जुना फ्लायव्हील साठ डॉलरला मिळेल, बॅलन्सर नवा घे, पंच्याऐंशी. बाबांचा जुना बॅलन्सर दिसायला अगदी तसाच आहे आणि बसेलही, पण बसवायचा नाही. हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलंय.

डोनटचे वीस मंजूर. माणसं उपाशीपोटी चुका जास्त करतात. तब्येतीला जप, थंडीत गॅरेजात टोपी घालत जा.

तुझं भलं चिंतणारी,
ताई


बेकर्स फोर्ड
१९ मार्च १९९३

ती. ताईस, शि. सा. न.

देवाने क्रँक दिला. पलीकडच्या कौंटीतल्या एका माणसाकडे पडून होता, त्याला आमचा मोठा फ्रीजर हवा होता. दिला. घरी आल्यावर आठवलं की आत अर्धं डुक्कर होतं. ट्वायला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, ते मी पत्रात लिहू शकत नाही.

मशीनशॉपवाल्याने क्रँक तासून दिला आणि बजावलं की आडवा ठेवू नकोस, स्वतःच्या वजनाने वाकतो, उभा ठेव. आपल्या गॅरेजची जमीन उतरती आहे हे तुला माहीत आहे. घरात सपाट जागा एकच, बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी. तिथे उभा केलाय. मांजर धडकेल म्हणून खुर्चीला बांधलाय, आणि धूळ बसू नये म्हणून ट्वायलाने वर बाबांची टोपी घातलीय. परवा विम्याचा माणूस आला, त्याने आधी त्यालाच नमस्कार केला.

तुझ्या सगळ्या बाबी नव्या कागदात घातल्यात, एकूण तेवीसशे एकाहत्तर झाले. तुझे पैसे आणि माझी अक्कल, दोन्ही एकदमच संपतील असं दिसतंय.

एक विचारू का? जत्रेला येशील ना? चौऱ्याहत्तरचं मनात धरून बसू नकोस. बाबांनी त्या वर्षी मला हाकायला बसवलं यात माझा काय दोष? एकशे चाळीस फुटांवर मीच बंद पाडली, अख्ख्या कौंटीने पाहिलं.

उत्तराची वाट पाहणारा,
व्हर्लिन


बेकर्स फोर्ड
८ मे १९९३

ती. वन्संना,
ट्वायलाचा नमस्कार.

तुमच्या भावाला न सांगता लिहितेय. बैठकीतल्या पाहुण्याची आता सवय झालीय. पाद्रीसाहेब परवा जेवायला आले, त्यांनी प्रार्थनेत त्याच्यासाठीही दोन शब्द घातले. म्हटलं, आशीर्वाद कोणाला नको असतो.

रुबार्बच्या देठांचा गोड पाय भाजायचा होता, त्याच्या पारीसाठी पीठ मळून ठेवलं होतं. हे आले आणि अर्धं घेऊन गेले. पिस्टनवर पसरून इंजिन हाताने फिरवायचं, मग वाल्वने किती दाबलं ते पाहायचं, म्हणजे मधे जागा उरते की नाही ते कळतं. लोक याला चिकणमाती वापरतात. माती आणायला दुकानात जावं लागतं, म्हणाले. चिकटू नये म्हणून माझंच लोणी लावलं. जागा पुरेशी निघाली, हसत हसत पीठ परत आणून दिलं, वर दोन गोल ठसे. मर्लकाका बाहेर हौदा मोजत होते. मी तोच तुकडा पायवर लावला, भाजला आणि त्यांना वाढला. दोनदा मागून खाल्ला, नक्षी छान आहे म्हणाले.

वन्सं, हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण गाडी गेली तर हे खचतील. रात्री झोपत नाहीत. बाबांनी मरताना गाडी सरळ यांच्या नावावर का नाही केली, हे कोडं यांना सुटत नाही. मला विचाराल तर सासऱ्यांना माहीत होतं की यांना इंजिन बांधता येत नाही. तुमचं पत्र आलं की हे ते गॅरेजच्या भिंतीला लावतात आणि बोट ठेवून एकेक ओळ करतात. तुमच्या पत्रांवरच इंजिन उभं राहिलंय.

जमलं तर या. माया कमी पडू देऊ नका.

तुमची,
ट्वायला


लिंकन
१२ जून १९९३

चि. व्हर्लिन यास, आशीर्वाद.

राहिलेल्या रकमेचा चेक सोबत आहे. बॅलन्सरचे पंच्याऐंशी मी मुद्दाम वेगळ्या चेकने पाठवतेय, म्हणजे ते दुसरीकडे वळणार नाहीत. पावती आल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जत्रेला येणार नाही. तुझ्यावर राग नाही, कधीच नव्हता. पण त्या हिवाळ्यात चार महिने माझ्या नखांतलं तेल गेलं नव्हतं. ऑगस्टात गाडी रांगेत लागली, मी दार उघडलं, आणि बाबा म्हणाले की खाली उतर, बाईमाणसाने घसरगाडी ओढलेली लोक हसतील. अठ्ठावीस वर्षांची होते. त्या महिन्यात लिंकनला आले. बाबांना मातीला पोचवायला आले तेव्हाही गॅरेजात पाऊल टाकलं नाही. आता कशाला?

ट्वायलाला सांग, फ्रीजरबद्दल वाईट वाटलं. गाडी जिंकलीस तर तिला दुसरा घेऊन दे.

तुझं शुभ इच्छिणारी,
ताई


बेकर्स फोर्ड
२ ऑगस्ट १९९३

ती. ताईस, सा. न.

इंजिन चालू झालं. पहिल्याच किल्लीला. ही झाली चांगली बातमी.

वाईट अशी की ते थरथरतं. शनिवारी सुरू केलं तेव्हा आधी भिंतीवरचे पाने पडले. मग ट्वायलाच्या बिटाच्या लोणच्याच्या बरण्या फळीवरून एकामागून एक चालत कडेला आल्या आणि खाली गेल्या. मांजराने गाशा गुंडाळला, ते आता मर्लकाकांकडे राहतं. मी जरा रेस दिली तर रस्त्यापलीकडे चर्चची घंटा आपोआप एकदा वाजली. पाद्रीसाहेब धावत आले, कोण गेलं म्हणून विचारत होते. मर्लकाका तिथेच होते. म्हणाले, गाडी गेली.

जत्रा चौदा तारखेला आहे, ताई. माझे हात टेकलेत.

तू विचारशीलच, म्हणून सांगून टाकतो. फ्लायव्हील चारशेचा घेतला. बॅलन्सर बाबांचाच लावला. वाटलं, दिसतो तर सारखा, बसतोही, मग काय एवढं. तुझे पंच्याऐंशी डॉलर खर्च झाले. कशावर ते विचारू नकोस. दारूवर नाही, पत्त्यांवर नाही, एवढं शपथेवर सांगतो. पावती आहे, पण आता दाखवणार नाही.

चुकलो. पायावर डोकं ठेवतो.

व्हर्लिन


लिंकन
५ ऑगस्ट १९९३

व्हर्लिन,

अधोरेखित केलेलं वाक्य सोडून बाकी सगळी पत्रं बोट ठेवून वाचलीस, धन्य आहेस. इंजिनाला हात लावू नकोस. किल्ली ट्वायलाकडे दे.

मंगळवारच्या बसने येतेय. बॅलन्सर मी केकच्या डब्यात घालून मांडीवर घेऊन येईन. बॅलन्सर बसवला की लगेच परत निघेन, जत्रेसाठी थांबायचा आग्रह कोणी करू नये. आणि पंच्याऐंशी डॉलरची पावती टेबलावर ठेव.

ताई


लिंकन
१९ ऑगस्ट १९९३

चि. व्हर्लिन यास,
अनेकोत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईंनी माझी नखं पाहिली आणि मशीनवर काम करता का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. एकोणीस वर्षांनी.

तुझ्यावर चिडायचं ठरवूनच आले होते. चार दिवस गाडीच्या दारावर ट्वायलाचा टेबलक्लॉथ अडकवून ठेवला होतास. विचारलं तर म्हणालास रंग वाळतोय. कोणता रंग चार दिवस वाळतो? पण बॅलन्सर बसला, किल्ली फिरवली आणि लोणच्याची उरलेली एकुलती एक बरणी जागेवरून हलली नाही, तेव्हा माझा राग कुठे गेला मलाच कळलं नाही. त्यामुळे जत्रेपर्यंत राहिले. फक्त बघायला, असं मी बजावलं होतं.

मग माइकवरून त्या माणसाने माझं नाव पुकारलं. मला वाटलं यादीत चूक झाली. फॉर्म तू मेमध्येच भरलास हे मला काय माहीत. मी नाही म्हणणार तोच तू तो टेबलक्लॉथ ओढून काढलास. निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, इंजिन बांधणारी: आर्डिथ, १९७४ व १९९३. हाकणारी: आर्डिथ. मला रडू आलं हे मी लपवत नाही, पण पहिले पन्नास फूट काही दिसलं नाही हे मात्र कोणाला सांगू नकोस.

दोनशे एक्क्याण्णव. चारच फूट जास्त, पण जास्त. कोणी हसलं नाही. हसले असतील तर इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मर्लकाकांनी टेप खिशात टाकला आणि पेटुनियाची चाळीस रोपं ट्वायलाच्या हवाली केली. बैठकीत क्रँकची जागा रिकामी आहे, तिथे लाव म्हणावं तिला.

बाबा हे सगळं ठरवून गेले की कसं, कोण जाणे. पैसे माझ्याकडे, गाडी तुझ्याकडे. तोंडाने माफी मागणं त्यांना कधी जमलं नाही. मी त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही, पण निम्म्याच्या पुढे गेलेय.

सगळं क्षेम. ट्वायलाला माझी माया सांग, मांजर काकांकडून परत आण, आणि पत्र लिहिण्यासाठी पुन्हा काही मोडण्याची वाट पाहू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. हिशेब बंद करतेय. डोनट वीस डॉलर, मंजूर, त्यातले दोन मी खाल्ले. नवा बॅलन्सर माझ्या खिशातून, गाडी अर्धी माझी आहे. राहिले ते पंच्याऐंशी, दारावरच्या अक्षरांचे, ज्यांच्यापायी इंजिन हादरलं, घंटा वाजली आणि मला घरी यावं लागलं. पावती पाहिली. मंजूर.