तुझी हलगी माझ्याकडे आहे

विटा, २ फेब्रुवारी

प्रिय जयराज,

पाकिटावर माझं नाव मुद्दाम टाकलं नाही, नाहीतर ते न फोडताच भट्टीत गेलं असतं. सात वर्षं माझा फोन न उचलणारा माणूस तू! सेलमच्या तुझ्या गलाई दुकानाचा पत्ता तुझ्या आईनं, बनुकाकूंनी दिला. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, सोनं आटवायला आलेलं गिऱ्हाईक थांबेल दहा मिनिटं. माझं एक मागणं आहे, पण ते आधीच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

आधी बातमी. माझं नवं गाणं आलंय, आणि लय चाललंय! दोन गाणी पडल्यावर पुण्याच्या कंपनीनं मला नारळ दिला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. तीन वर्षं मी लग्नांत दुसऱ्यांची गाणी म्हटली आणि सकाळी याकूबचाचांच्या बेकरीत पाव विकले. चाचा रोज बजावायचे, "यासीन, गळा बसला तर बसू दे, पाव बसता कामा न्हाई."

दिवाळीनंतर म्हटलं, कंपनी गेली उडत, आपलं गाणं आपणच करायचं. स्टुडिओ कुठला? बेकरीच! आईनं घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना लावायला दिल्या आणि आठ दिवस आम्ही चटईवर झोपलो. हलगीला कुंडलचे केरबातात्या आले. भट्टीच्या तोंडाशी हलगी शेकायची, टणक झाली की वाजवायची, उतरली की पुन्हा शेकायची. तात्यांचा हात असा काही सुटला की चाचा पिठाच्या हातांनी नाचायला लागले आणि आतली खारी विसरले. गाण्याच्या शेवटी "जळाली रं जळाली!" अशी आरोळी आहे ना, ती चाचांची. सगळे म्हणाले काढून टाक. मी ठेवली.

आणि गंमत बघ, गाणं उचललं ते तुम्हा गलाईवाल्यांनी. जालंधर, गुवाहाटी, कोचीन, जिथं म्हणून विट्याचा माणूस भट्टी लावून बसलाय, तिथून फोन आले. फक्त सेलमहून आला नाही. इकडं वरातीत पोरं खारी जळाल्याची आरोळी ठोकतात आणि चाचा प्रत्येक वेळी लाजतात. बनुकाकूंना मोबाईलवर ऐकवलं तर म्हणाल्या, "गाणं झ्याक हाय रं, पर ही हलगी माझ्या वळखीची हाय." काकूंचा कान पक्का. ती तुझीच हलगी आहे. त्या दिवशी तू टाकून गेलास, ती मी उचलून आणली होती.

तो दिवस तूही विसरला नसशील. पुण्याला कंपनीच्या स्टुडिओच्या एसीत हलगी पार ढिली पडली. रद्दी पेटवून शेकावी म्हणून तू एकेकाकडे काडेपेटी मागत फिरलास. कोणाकडेच निघाली नाही. कंपनीचा माणूस हसला, म्हणाला मशीनवर वाजवून घेऊ. तू हलगी तिथंच ठेवलीस आणि एसटी धरलीस. महिन्याभरात सेलमला गेलास. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, कंपनीनं जयाला घालवलं.

येत्या पंधरा तारखेला कडेगावात माझा कार्यक्रम आहे, नुसत्या माझ्या नावाचा पहिला. केरबातात्या वाजवायला तयार नाहीत. म्हणतात, "एका गाण्यापुरती वाजवली. आता ज्याची त्याला दे." मी दुसऱ्या कोणाला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तू ये, एवढंच मागणं. पण येण्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी, त्यासाठीच हे पत्र. त्या दिवशी तू मलाही काडेपेटी मागितलीस आणि मी मान हलवली. ती माझ्या शर्टाच्या खिशात होती, जया. मशीन चालेल असं मी आदल्या दिवशीच कंपनीला कबूल केलं होतं. तुला मी घालवलं. मला माफ कर म्हणताना लाज वाटते, तरी म्हणतो. स्टेजमागं गोवऱ्या रचून ठेवणार आहे. तू फक्त हलगी हातात घे, विस्तव मी पेटवतो. काडेपेटी आत्तापासूनच खिशात घालून फिरतोय.

अजूनही तुझाच,
यासीन