शेपटी वर

१२ मे २०२५

लोट्टे व्याली. कुणी बघत नसताना. घोड्या असंच करतात म्हणे — माणसं दूर जाईपर्यंत थांबतात.

शिंगरू मादी. कपाळावर पांढरा ठिपका. मैथिलीने नाव ठेवलं — फिन्या. लोट्टे मैथिलीची, कागदावर माझी, कारण थोरली लेक पंधराचीच आहे.

सासूबाई कुंपणाला धरून बराच वेळ उभ्या होत्या. पुण्याहून इथे जर्मनीत येऊन त्यांना आठवडाच झालाय. "पाय बघ गं ऊर्मिला! दुसऱ्याच कुणाचे घाईत जोडल्यासारखे."

२० मे

फ्राउ ह्योल्त्सेल — लोट्टे त्यांच्या तबेल्यात राहते — म्हणाल्या, चौदा जूनला फोलेनशाऊ आहे, फिन्याला नेऊ या. शिंगरांचं प्रदर्शन. घोडीला दोरीने धरून रिंगणात पळवायचं. शिंगरू मोकळं, तिच्यामागे. परीक्षक पाय बघतात, मान बघतात, चाल बघतात. गुण देतात.

मैथिली उड्या मारत होती. लोट्टेला धरून ती पळणार. मी हो म्हटलं.

घरी सासूबाई: "इतक्यात कुठे चारचौघांत नेता? सव्वा महिना तरी होऊ दे."

मैथिली हसली. "आजी, ते घोडं आहे." जर्मनमध्ये. तिला मराठी सगळं कळतं. बोलत नाही.

मी भाषांतर केलं.

"मग? घोड्याला आई नसते का?"

सिद्धांत जेवताना मोबाइलवर मोजून आपल्या आईला म्हणाला, सव्वा महिना अठरा-एकोणीस जूनला होतो, आई, थोडक्यात हुकलं बघ. त्याने सगळं आकड्यात आणल्यावर वाद संपतो असं त्याला वाटतं. सासूबाईंनी त्याला दुसरी पोळी वाढली नाही.

२९ मे

पशुवैद्य आले होते. आई सोबत असेल आणि प्रवास थोडा असेल तर फार बिघडत नाही, म्हणाले. करायलाच हवं का, असं विचाराल तर — खांदे उडवले.

फ्राउ ह्योल्त्सेल म्हणतात, शिंगरं विसरतात. संध्याकाळी दूध पिऊन झोपतात. लहानपणी जग दाखवलं की मोठेपणी भीत नाहीत.

दोन्ही बरोबर वाटतं. हे माझं नेहमीचं.

३ जून

तयारी. लोट्टेला मैथिली पळवते, मागून फ्राउ ह्योल्त्सेल पत्र्याचा डबा वाजवतात. आत खडे. फिन्या शेपटी उभी करते, मान ताणते, हवेत तरंगल्यासारखी धावते. फार सुंदर दिसतं. हे लिहिलंच पाहिजे — सुंदर दिसतं.

सासूबाई: "डबा कशाला वाजवते ती?"

"चाल दिसावी म्हणून, आई."

"बिनडब्याची चालत नाही का?"

७ जून

मराठी मंडळाच्या गणपतीत धाकटी अन्वी स्तोत्र म्हणणार. चार वर्षांची, सगळं पाठ! आज मंडळाच्या वसुधाकडे पहिला सराव. आवाज फार चढतो तिचा, आणि घाई करते. कान लाल होतात. वसुधा म्हणाली, "किती धीट गं! माझी या वयात पदर सोडत नव्हती." इथे वाढूनही उच्चार स्वच्छ. बरं वाटलं.

१४ जून

गेलो. सासूबाईही आल्या, डब्यात पोळीभाजी घेऊन.

गाडीतून उतरताना लोट्टे घामाने भिजलेली. फिन्या तिला चिकटून. बाजूच्या गाड्यांतून दुसरी शिंगरं ओरडत होती, त्यांच्या आया उत्तर देत होत्या. लाउडस्पीकरवर बँडचं संगीत.

मैथिली पांढऱ्या पँटमध्ये. रिंगणात गेली, पळू लागली. मागे एक माणूस काठीला प्लॅस्टिकची पिशवी बांधून फडफडवत होता. फिन्याची शेपटी उभी. डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. तरंगत गेली. लोक टाळ्या वाजवू लागले. ती आणखी तरंगली.

परीक्षक माइकवर: काय आउसड्रुक आहे या शिंगरात!

"काय म्हणतोय?"

मी एके काळी कॉलेजात साहित्य शिकवायचे. सुचला तो शब्द — "भाव. चेहऱ्यावर, चालीत भाव आहे म्हणतोय."

"भाव कसला? बुजलंय ते."

मैथिली बाहेर आली तेव्हा रडत होती, आनंदाने. गोल्ड! ऑगस्टच्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड! आजीच्या गळ्यात पडली. आजीने पाठ थोपटली आणि पोळीभाजीचा डबा उघडला.

परतताना गाडीत मैथिलीने विचारलं, आजी मघाशी काय म्हणाली? बुज- काय?

सासूबाईंनी सांगितलं. "घोडं बुजतं. लहान पोर बुजतं. रडत नाही, पळूनही जात नाही — पण आत कुठे थारा नसतो. बाहेरून कळतच नाही कधीकधी. उलट छान दिसतं."

मैथिली खिडकीबाहेर बघत होती. ऐकलं की नाही, माहीत नाही.

१६ जून

फिन्याचं पोट बिघडलंय. दूध कमी पिते. पशुवैद्य म्हणाले, होईल बरी.

२१ जून

बरी झाली.

पण आज खाद्याची बादली कुंपणावर आपटली, नुसती आपटली, तर फिन्या शेपटी वर करून कुरणभर तरंगत फिरली. कुणी बघायला नव्हतं. परीक्षक नाही, माइक नाही. तीच चाल! लोट्टेचं खाणं सुटलं, ती तिच्यामागे.

मी बादली खाली ठेवून उभी राहिले.

४ जुलै

ऑगस्टच्या स्पर्धेला नाव कळवायचा आज शेवटचा दिवस. फ्राउ ह्योल्त्सेलना फोन करून नाही म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्ही हे मैथिलीपाशी बोललात का?

बोलले नव्हते.

मैथिलीने ऐकून घेतलं. मग, जर्मनमध्ये — "आधी हो म्हणताना मला विचारलं नाहीस. आता नाही म्हणतानाही नाही."

मी फिन्याचं सांगू लागले. बादलीचं सांगितलं.

"मला माहीत आहे. मी तिथे रोज असते."

दार लावलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

५ जुलै

बोलत नाही.

१२ जुलै

बोलत नाही. तबेल्यात मात्र जाते. लांबून पाहिलं — डबा घेऊन बसली होती. खडे काढून टाकलेले. त्यात गाजराचे तुकडे. वाजवत नव्हती. मांडीवर धरून नुसती बसली होती. फिन्या दहा पावलांवर, कान पुढे.

माझा निर्णय बरोबर होता. हे स्वतःला सांगायची गरज का पडते, कळत नाही.

२ ऑगस्ट

सासूबाई गेल्या. विमानतळावर मैथिलीला म्हणाल्या, "शिंगराला माझा नमस्कार सांग." मला म्हणाल्या, "अन्वीचं जरा बघ." म्हणजे काय, विचारायचं राहिलं. रांग पुढे सरकली.

९ ऑगस्ट

स्पर्धा आज झाली, आमच्याशिवाय. फिन्याने डब्यातून गाजर खाल्लं. मैथिलीने स्वतःहून फोटो पाठवला. उत्तरात मी अंगठा पाठवला.

२३ ऑगस्ट

अन्वीची रंगीत तालीम. खणखणीत! परकर-पोलकं शिवून आलं. वसुधा म्हणाली, यंदा सगळ्यांत पुढे हिलाच उभी करू.

३० ऑगस्ट

मंडळाचा गणपती. हॉल भरलेला. अन्वी स्टेजवर एकटी, माइक तिच्या उंचीला आणलेला. एका दमात म्हणाली, न चुकता. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. मान ताणलेली, डोळे मोठे, कान लाल. मध्येच टाळ्या पडल्या, तसा आवाज आणखी चढला.

मैथिली शेजारी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, बुजलीये ती."

मराठीत.

टाळ्या चालूच होत्या. मीही वाजवत होते.