जेवाले ये

२ जुलै २०२३
आले एकदाची जपानला! म्हणजे पवनीजवळच्या एका पुनर्वसन गावठाणात. दुधाची तहान ताकावर. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलेली माणसं इथे आणून बसवली, त्यांची निम्मी घरं आता कुलपात असतात. त्यांतलंच एक घर सुगत सरांनी भाड्याने घेऊन त्याचं जपान करून टाकलंय. सर तिकडच्या वृद्धाश्रमात काम करून आलेत, आता आम्हा नर्सिंगवाल्या मुलींना तिथल्या कामासाठी तयार करतात. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. बाहेरून आलं की 'तादाइमा' म्हणायचं, म्हणजे 'मी आले'. आत जी असेल तिने 'ओकाएरी' म्हणायचं, म्हणजे 'आलीस का'.

सोबत लाखनीची खुशबू आणि तुमसरची चंदा. खुशबू झोपेतही जपानी बडबडते, आणि तेही चुकीचं. चौथी मेंबर 'ओबाआसान', म्हणजे आजी. ही माणसाएवढी रबराची बाहुली, घरासोबत मिळालेल्या जुन्या लाकडी पलंगावर निजलेली. पाळीपाळीने तिला कुशीवर वळवायचं, पाठीला उशी लावायची, चमच्याने भरवल्यासारखं करायचं, तोंड पुसायचं. याच महिन्यात तिकडच्या लोकांशी फोनवर मुलाखत आहे. पास झाले तर खरंच विमानात बसेन, आणि आईला दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत चिखलात उभं राहावं लागणार नाही. मला एवढंच हवंय.

९ जुलै
रोवणा लागला. धान लावायला घरोघरी हात कमी पडतात, म्हणून खुशबू आणि चंदा आपापल्या गावी पळाल्या. सर आता फोनवरून शिकवतात. मीही आमच्या गावी, एकोडीला जाणार होते, पण आईने दटावलं, "तू कायले येतं? मी आहो ना इथं. तू अभ्यास कर."

घर एवढं मोठं आहे हे आज कळलं. तादाइमा म्हणते, पण उत्तर द्यायला कोणी नाही. दुपारी ताट घेऊन बसले तर समोर पलंगावर ती. आमच्याकडे समोरच्याला विचारल्याशिवाय घास घेत नाहीत. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारतात, तोही "जेवा, जेवा" म्हणून पुढे जातो. येत कोणीच नाही. सवयीने तोंडातून निघून गेलं, "जेवाले ये वं आजी." मग एकटीच हसत बसले.

१३ जुलै
आता रोज बोलावते. आपल्या बोलीत बोललं की बरं वाटतं. भात मात्र पुरत नाही. दोन वेळचा शिजवते आणि संध्याकाळी भांडं रिकामं. मांजर येत असावी.

आज घरमालकीण सुलोचनाबाई दूध घेऊन आल्या आणि पलंग पाहून दारातच थबकल्या. पलंग त्यांच्या सासूचा, रंभाबाईंचा. जुन्या गावात म्हातारीला रोज कुणी ना कुणी हाक मारून जेवायला नेई. इथे कोण कुणाच्या शेजारी आलं, त्याचा मेळच राहिला नाही. सुलोचनाबाई म्हणाल्या, "मी ताट वाढून देवो वं माय, पन तिले लोकायची हाक पायजे होती. दारात बसून राहे. जेवाले ये, कोनी म्हनलंच नाही. उपाशीच गेली बुढी." मग हळूच विचारलं, तू तर कोणाला बोलावलं नाहीस ना? मी हसून नाही म्हटलं. आम्ही बौद्ध, भूतखेत आमच्या घरी चालत नाही. मग मी खोटं का बोलले, माझं मलाच कळत नाही.

१६ जुलै
दुकानातून आले, तादाइमा म्हटलं.

आतून ओकाएरी आलं. आवाज घोगरा, म्हातारा. खुशबू चेष्टा करतेय म्हणून आत धावले. कोणी नव्हतं. बाहुलीच्या ओठाला भाताचं शीत चिकटलेलं होतं. ते मीच पुसलं. भीती वाटली, खूप वाटली. पण रडू आलं ते भीतीने नाही. किती दिवसांनी कोणीतरी मला 'आलीस का' म्हटलं होतं.

१९ जुलै
बोलावणं बंद केलंय. स्वयंपाकघरात, तिच्याकडे पाठ करून जेवते. कितीही खाल्लं तरी पोट भरत नाही.

सकाळी उठले तर मी कुशीवर वळलेली. पाठीला उशी. तोंड पुसलेलं. सर शिकवतात अगदी तसं, माझ्याहून नीट.

२२ जुलै
एकोडीला जायला निघाले होते. दारापर्यंत पाय उचलले, पुढे नाही. सरांना फोन केला, ते म्हणाले घाबरलीस, मुलाखतीआधी सगळ्यांचं असंच होतं.

२४ जुलै
मुलाखत झाली. माझा आवाज फुटलाच नाही. तरी सगळी उत्तरं दिली गेली — माझ्या मागून. माझ्याच आवाजात. सर म्हणाले, शाब्बास प्रतीक्षा, पास झालीस. आईला सांगायचं होतं, पण फोन हातात असून आवाजच निघेना.

२६ जुलै
बॅग भरलेली दिसते. मी भरली नाही. पलंगावर आता बाहुली नाही, मी आहे. माझ्या हाताला रबराचा वास येतो. ती, आता माझ्याच चेहऱ्याची, मला भरवते. लहान घास, हळू. डोक्यावरून हात फिरवते. आणि मला बरं वाटतं — याचीच भीती वाटते.

२८ जुलै
खुशबू आली! तादाइमा म्हणाली. मी ओरडले, ओठ हलले नाहीत. बोटंच तेवढी चालतात, पांघरुणाखाली लिहितेय. ती जवळ आली. मला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. म्हणाली, कशा आहात ओबाआसान? माझ्या डोळ्यांत पाहिलं, तरी ओळखलं नाही.

मग स्वयंपाकघराकडे वळून विचारलं, प्रतीक्षा, पास झाल्याचं आईले सांगितलं का? आतून माझा आवाज आला, "सांगितलं ना. लय रडली खुशीनं. हात धू, जेवाले ये."

खुशबू आत तिच्याकडे गेली. ताटं वाजताहेत. भाताचा वास येतोय. भूक — फार भूक — दोघी हसताहेत. खुशबू, इकडे बघ. मलाही म्हण ना. एकदा तरी म्हण, जेवाले —