डावरीची शाल

प्रिय मामी,

विणकामाच्या वर्गाची बाई झालीस, त्याचं अभिनंदन करायला वर्ष लावलं. राग मानू नकोस. पाचवीतच शाळेने माझ्यापुढे हात टेकले, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा अक्षर जरा लावून वाच.

माझा पाय कुठे टिकत नाही म्हणायचीस ना? खरं आहे, इथे येऊन चार कामं सोडली. आता बंदरावर मासेमारीची फाटकी जाळी सांधतो आणि इथे मात्र टिकलोय. आईजवळ बसून लोकर गुंडाळली, ती वाया गेली नाही. बोटांना टाका कळतो.

ती त्रिकोणी शाल आठवते ना? नसेल आठवत असं कसं, रोज वर्गातल्या काचेच्या कपाटात बघतेस. खालच्या टोकाला तीन टाके घालून आईने ती सुरू केली. मग दर खेपेला टाके वाढवत, पानापानाची जाळी पाडत, वरच्या सरळ कडेपर्यंत दोन हिवाळे गेले. एकदा टाका सुटला तर तिने चाळीस ओळी उसवल्या आणि मी रडलो, ती नाही. तू चहा प्यायला यायचीस आणि हसायचीस, अगं डावरे, तुझी शाल आतबाहेर होईल, घालणारी उलटी चालेल. डाव्या हाताने विणते म्हणून डावरी हे नाव तूच पाडलंस. मग सगळी गल्ली तेच म्हणायला लागली. आईसुद्धा त्या नावाला ओ द्यायची.

वर्गाला बाई हवी होती, आपल्या विणकामाचा नमुना घेऊन या म्हणाले होते. त्याच दिवशी आई तापाने फणफणलेली. उशीच्या अभ्र्यात शाल गुंडाळून तिने तुझ्या हातात दिली. सांग म्हणाली, मी सोमवारी येतेच. सोमवारी ती वर्गावर पोचली, तर शाल कपाटात आणि खाली पाटीवर तुझं नाव. तू तिला दारातच गाठलंस. डाव्या हाताने शिकवलंस तर पोरी उलट्या विणतील, त्यापेक्षा लोकरीचे गुंडे करायला ये, मी शब्द टाकते, म्हणालीस. आणि आई जातेय, मामी. स्वतःच्या शालीसमोर बसून गुंडे करतेय. मी चिडलो की म्हणते, जाऊ दे रे, घरातलीच आहे.

मी जाऊ देणारच होतो. पण मागच्या महिन्यात मुकादमाने एक सांधलेलं जाळं उचललं, क्षणभर पाहिलं आणि ओरडला, हे त्या डावखुऱ्याचं काम! तिथे आम्ही बाराजण होतो, डावखुरा मी एकटाच. मी विचारलं, कसं ओळखलं? तर म्हणाला, हात लपतो होय?

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शाल सुलट बाजूने पसर, टोक आपल्याकडे. वरच्या कडेचे टाके आईने सुलट बाजूनेच बंद केलेत, साखळी दिसते. तू बंद केले असतेस तर शेवटचा धागा डाव्या कोपऱ्यात लपवला असतास, सगळे उजवे तसंच करतात. या शालीत तो उजव्या कोपऱ्यात आहे. जा, चाचपून बघ. कात्री लावू नकोस, कड उसवेल. आणि कड पुन्हा बंद केलीस तरी आतली पानं कुठे नेशील? प्रत्येक टाका तिच्या हातासारखा कललाय.

आता पत्र का लिहिलं ते. हेच सगळं मी वर्गाच्या मोठ्या बाईंना लिहिलंय. शनिवारी सगळ्या मुलींसमोर तुला आणि आईला एकेक सुयांची जोडी द्या आणि त्या शालीतलं एक पान विणायला सांगा, अशी विनंती केली. त्यांचा होकार आलाय. तुला अवचित गाठता आलं असतं, पण ते मला स्वस्तात सोडल्यासारखं वाटलं. आई वर्षभर त्या कपाटासमोर बसली, तू निदान चार दिवस बस. माफीबिफी मागायला घरी जाऊ नकोस, ती लगेच देईल, आणि मला ते नकोय. शनिवारपर्यंत गुंडे मात्र तूच कर. तिच्या हाताला विसावा हवा.

तुझाच,
डावरीचा डावरा