मखरापुढची माणसं

करी रोड,
रविवार, दुपार

प्रिय मेघना,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगून टाकते, सगळं ठीक आहे. बाबा बरे आहेत, माझे गुडघे नेहमीसारखेच कुरकुरतात आणि तू दुरुस्त करून गेलेला कॉम्प्युटर अजून चालू आहे. मग या बाईने फोन का नाही केला, असं तुला वाटेल. अगं, दादरच्या त्या तुझ्या ऑफिसात दिवसभर लोक फोन करून माझं हे उघडत नाही, माझं ते चालत नाही म्हणून तुझं डोकं खात असतात, त्यात माझी भर कशाला? आणि खरं सांगू, मला जे सांगायचंय ते फोनवर सांगायला गेले तर मी एकतर रडेन नाहीतर ओरडेन. उभा जन्म पोरांना निबंध लिहायला शिकवण्यात गेला, त्यामुळे कागदावर तरी मी ताळ्यावर असते.

त्या शनिवारी तू आलीस तेव्हा तुझ्याशी धड बोलताच आलं नाही. तू कॉम्प्युटरच्या मागे, मी आंबोळ्यांच्या मागे. नेमकं काय झालं होतं ते तरी कुठे सांगितलं मी तुला! झालं असं की अक्षय्य तृतीयेला सिद्धार्थ बंगळूरहून आला. येताना डोक्यात एकच, बाबांना नवा कॉम्प्युटर घेऊन द्यायचा आणि मुहूर्त चुकवायचा नाही. आणला, हळदकुंकू वाहिलं, पेढा ठेवला. बाबांचा तो चित्रांचा जुना प्रोग्राम होता ना, तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी त्यांना शिकवलेला, तो त्याने जुन्यातून उचलून नव्यात ठेवला. घर बदलताना भांडीकुंडी उचलतात तसा, अख्ख्या फोल्डरसकट. बाबांची सगळी चित्रंही आणली. मग जुना कॉम्प्युटर त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला देऊन टाकला, घरात अडगळ नको म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने गेलासुद्धा. आणि बाबा हौसेने खुर्ची ओढून बसले, डाव्या हाताने माऊस दाबला, तर प्रोग्राम उघडेचना. अमुक फाइल सापडत नाही, अशी नुसती एक इंग्रजी पाटी यायची.

तुला वाटेल, एक प्रोग्राम उघडला नाही तर एवढं काय. पण झटका येऊन गेल्यापासून बाबांचं काय राहिलं होतं, सांग. उजवा हात गेला. बोलणं निम्मं गेलं, आणि उरलेलं निम्मं माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. लालबाग-घोडपदेवच्या मंडळांचे देखावे आयुष्यभर उभे केले त्या माणसाने, आता चहाचा कप उभा धरता येत नाही. पण डाव्या हाताने ते गौरीचं मखर काढायचे. एक खांब काढायला अख्खी सकाळ जायची, तरी काढायचे. मग मला बोटाने बोलवायचे, स्क्रीनवर मखर गोल फिरवून दाखवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. तेच त्यांचं बोलणं होतं गं. ते बंद झाल्यावर त्यांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. व्यायामाची बाई आली की हात उचलायचे नाहीत. ताटातलं तसंच राहायचं. मी रागावले, चिडले, हात जोडले. माणूस माझ्या डोळ्यांदेखत मिटत चालला होता आणि मला काही सुचत नव्हतं.

सिद्धार्थला फोन केला तर म्हणाला, आई, तो प्रोग्राम आता जुना झाला, मी नवा घेऊन देतो, बाबांना सवय होईल. वाईट नाहीये गं तो, त्याला फक्त सगळं नव्याने घेता येतं असं वाटतं. मग मीच कंबर कसली. पाटीवर ज्या फाइलचं नाव होतं ते शोधलं. एका ठिकाणी ती फुकट मिळत होती, ताटाएवढं हिरवं बटण होतं, दाबलं. नाव तंतोतंत तेच! उचलून बाबांच्या फोल्डरमध्ये ठेवली. तर पहिली पाटी गेली आणि भलत्याच आकड्यांची दुसरी आली. शिवाय स्क्रीनच्या कोपऱ्यात पत्ते खेळायला बोलावणाऱ्या जाहिराती नाचायला लागल्या. जळलं मेलं ते बटण! बाबांनी मान वळवून एकदा ती जाहिरात बघितली, एकदा मला बघितलं आणि पुन्हा भिंत.

तेव्हा मी तुला फोन लावला. सिद्धार्थला विचारलं नाही. विचारायचं कशाला? तुमच्या दोघांच्या घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या, माझ्या आणि तुझ्या कुठे झाल्यात? तू हॅलो म्हणालीस आणि मग थांबलीस. काय म्हणून हाक मारावी हे तुला सुचत नव्हतं, मला कळलं ते. मीही लगेच कॉम्प्युटरच्या विषयावर आले. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच विचारलंस की पाटीवर नेमकं काय लिहिलंय. मी म्हटलं, काहीतरी इंग्रजीत आहे आणि खाली ओके आहे, मी ओके दाबते. तू म्हणालीस, दाबू नका, आधी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. कपाळ माझं! जन्मभर मी पोरांना ओरडले, प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा. आणि ती पाटी इतक्या दिवसांत मी एकदाही पूर्ण वाचली नव्हती. तू मला आधी ते आकडे आणि मग मी आणलेल्या फाइलचं नाव, डी, थ्री, डी, एक्स करत एकेक अक्षर वाचायला लावलंस, प्रत्येक अक्षर परत म्हणून दाखवलंस, आणि शेवटी म्हणालीस, शनिवारी येते.

आता तुझं कौतुक करते, ते गुपचूप ऐकून घे. मधेच असू दे, असू दे म्हणायची तुझी सवय आहे, पण पत्रात ती चालायची नाही. घरात जो कोणी त्या कॉम्प्युटरला हात लावायला आला, त्याने आधी बाबांची खुर्ची बाजूला सरकवली. तू आलीस, पाया पडलीस आणि स्वतःसाठी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलंस. बाबांची खुर्ची भिंतीकडून वळवून कॉम्प्युटरसमोर आणलीस. माऊस त्यांच्या डाव्या हाताखाली ठेवलास आणि म्हणालीस, बाबा, मी सांगते, दाबायचं तुम्ही. अगं, तिथेच तू मला जिंकलंस! ते दाबायला चुकायचे, तू थांबायचीस. ते परत चुकायचे, तू परत थांबायचीस. तुझ्या तोंडावर एक आठी आली नाही. माझ्या येते गं, रोज येते.

आणि समजावून सांगायची काय ती हातोटी! मी दारात उलथनं घेऊन उभी होते, सगळं ऐकलं. म्हणालीस, हा प्रोग्राम रंग, उजेड, सावली स्वतः काढत नाही, त्यासाठी तो एक सामायिक संच वापरतो. जुन्या कॉम्प्युटरवर तो संच कधीतरी बसवलेला होता, म्हणून काही अडलं नाही. सिद्धार्थने फोल्डर आणला पण संच मागेच राहिला. मी विचारलं, मग नव्या कॉम्प्युटरमध्ये असला संच नसतो का? तू म्हणालीस, असतो, पण नवा असतो, आणि बाबांचा प्रोग्राम जुन्यालाच नावाने हाक मारतो. मी म्हटलं, मग जुना बसवला की नवा बिघडेल. तू हसलीस. म्हणालीस, नाही, जुना आणि नवा शेजारी शेजारी राहतात, ज्याला जो लागतो तो त्याला बोलावतो, कोणाला काढावं लागत नाही. हे वाक्य लक्षात ठेव, मला पुढे लागणार आहे.

माझी ती फुकटची फाइल तू काढून टाकलीस. ती चौसष्ट बिटवाली होती आणि बाबांचा प्रोग्राम बत्तीस बिटवाला, नुसतं नाव एक असून भागत नाही म्हणालीस. जाहिराती झाडून काढल्यास. मग तो संच ज्या कंपनीचा, तिच्याच साइटवरून अख्खा आणलास, सुटा एक तुकडा नाही. बाबांनी दाबलं, प्रोग्राम उघडला, आणि आत सगळं काळंकुट्ट! मी तर देवाला नमस्कार करायला निघाले होते ती तिथेच थांबले. पण तू शांत. म्हणालीस, चित्र दाखवणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर राहिलाय, तोही कार्डवाल्यांकडूनच आणू. आणलास. आणि मग मखराला रंग आले, आधी खांब, मग झिरमिळ्या, मग मागची कमळं. बाबांच्या घशातून जो आवाज आला तो हसण्याचा होता की रडण्याचा, मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी त्यांनी चार आंबोळ्या खाल्ल्या, काळ्या वाटाण्याच्या सांबाराची वाटी निपटून काढली. मेघना, तू कॉम्प्युटर दुरुस्त केलास असं लोकांना सांगते मी. काय दुरुस्त केलंस ते मला माहीत आहे.

पण चित्र उघडल्यावर तू स्टूल पुढे ओढून बघायला लागलीस. मी ते पाहिलं होतं. मखरापुढे माणसं उभी होती. माणूस उभा केल्याशिवाय उंची कळत नाही, हे बाबांचं जुनं म्हणणं, मंडळाच्या देखाव्यापुढे कधी मला उभं करायचे तर कधी वाटेने जाणाऱ्याला. कॉम्प्युटरवर ती माणसं तूच करून दिली होतीस. बाबा बंडीत, मी पदर खोचून, सिद्धार्थ हातात फोन घेऊन आणि त्याच्या शेजारी तू, पहिल्या गौरीला नेसलेल्या पोपटी साडीत. तू हे घर सोडून गेल्यावर सिद्धार्थने एकदा सांगितलं होतं, बाबा, तिला काढा आता तिथून. बाबांना ऐकू येईनासं झालं. तेव्हा झटका आला नव्हता हं, कान चांगले शाबूत होते. मी काढीन म्हटलं असतं तर जमलंही असतं मला, पण मीही नाही काढलं. त्या दिवशी तू स्वतःला तिथे बघितलंस, चित्र एकदा गोल फिरवलंस, बंद केलंस आणि ऑफिसचं काम आहे म्हणून चपला घातल्यास. शनिवारी संध्याकाळी कसलं गं ऑफिस? दिवसभरात बाबांना तू दहादा बाबा म्हणालीस. मला मात्र कशानेही हाक मारली नाहीस. त्यानंतर तुझा फोन नाही. आमचं चुकलं का? तुला विचारल्याशिवाय तुला तिथे उभं ठेवलं, याचा राग आला असेल तर सांग, मी ऐकून घेईन.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. सिद्धार्थचं लग्न ठरलंय. श्रावणात, रजिस्टर. हे तुला तिऱ्हाईताकडून कळू नये, माझ्याकडूनच कळावं. त्याच्या ऑफिसातली आहे, प्रिती नाव. मी नावं ठेवायला काही सापडतंय का म्हणून खूप शोधलं, मुलगी चांगली निघाली. यंदा गौरीला तिचा पहिला ओवसा आहे, नव्या सुनेने वाहायची सुपं घेऊन गौरीपुढे बसेल. बाबांनी तिची उंची फोनवर विचारून घ्यायला लावली आणि मखरापुढे तिचंही माणूस उभं केलं, सिद्धार्थच्या शेजारी. मला वाटलं, आता तुला काढतील. आठवडाभर त्यांनी मला बघूच दिलं नाही, काल बोटाने बोलावलं. पोपटी साडी गेली होती. तू त्या शनिवारी आलीस तशी होतीस, कापलेले केस, निळा कुर्ता, खांद्यावर ती पोत्याएवढी बॅग. आणि जागा बदलली होती. बाबांनी स्वतःला आता खुर्चीत बसवलंय, मला बाजूला उभं केलंय आणि आम्हा दोघांच्या मधे तू आहेस. सुनेची जागा नाही ती. माहेरवाशिणीची आहे. प्रितीला मी सगळं सांगितलं, लपवाछपवी मला जमत नाही. ती म्हणाली, बरं झालं, सूप कसं धरायचं ते त्या दाखवतील. तेव्हा शेजारी शेजारी राहता येतं, कोणाला काढावं लागत नाही, हे तूच या घरात सांगून गेली आहेस, आता मागे फिरू नकोस, गौरीला माहेरी ये. तुझ्या डोक्याला लागू नये म्हणून दारावरचं तोरण किती उंच बांधायचं, यावर बाबा अडून बसलेत. मी म्हटलं, उंची जुनीच धरा, मेघनाचं काय आता वाढायचं वय आहे? त्यांनी जोरात मान हलवली आणि झटक्यानंतर पहिल्यांदा इतकं स्पष्ट बोलले की शेजारच्या शैलाताईंनाही कळलं. मोजूक व्हया, म्हणाले. टेप मी काढून ठेवलीय. तू येऊन उभी राहीपर्यंत तोरण बांधायचं नाही, असं ठरलंय. मला काय म्हणून हाक मारायची ते दारात आल्यावर ठरव, पण मार.

तुझीच,
शकू