दुसरी पाटी

ता. १४, गुरुवार

चि. भोंगाबाईस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या गिटारवाल्याच्या हाती पाठवलेलं सामान काल पोचलं. माझी शाल, बाबांच्या कानाचं यंत्र, त्याच्या बॅटऱ्या आणि तुझा मोठा फोटो. शालीवरची किमतीची चिठ्ठी तू आठवणीने फाडलीस, पण यंत्राचं बिल डब्यातच राहिलं. तेवढ्यात आपलं घर आतून-बाहेरून रंगवून झालं असतं. असो. हिशेबाच्या वहीत मी नुसतं 'भेट' लिहिलं, आकडा घालायला हात धजेना. शाल छान ऊबदार आहे. जपून ठेवली आहे.

इकडे सर्व ठीक. बाबांचा रक्तदाब आटोक्यात आहे. खालची शिंपीण दिवसभर तुझं गच्चीचं गाणं मशीनच्या तालावर म्हणते आणि वर मलाच सांगते, "ताई, शेवटी आवाज चढतो ना, तिथे माझा दोरा तुटतो." मी म्हटलं, "मग तेवढं तरी गाऊ नका, लोकांचे कपडे आहेत."

शनिवारचा तुझा कार्यक्रम टीव्हीवर पाहिला. झगा सुंदर होता, पाठ जरा झाकलेली चालली असती. गाणं अगदी रेकॉर्डसारखं झालं. शिंपिणीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाबांनी नाही वाजवल्या. छापखान्यात कान गेल्यापासून ते बोलतात पाटीवर आणि तुझं गाणं डोळ्यांनीच बघतात. पाटी ओढून त्यांनी लिहिलं, "पोरगी गात नाहीये." मला रागच आला. खाली मी लिहिलं, "तुम्हाला काय कळतंय?" त्यांनी एकच शब्द लिहिला. "टाच."

वरचा सूर लावताना तुझी डावी टाच उचलते. शाळेच्या संमेलनात त्यापायीच बाकावरून पडली होतीस. शनिवारी आवाज वर गेला, टाच जमिनीलाच होती.

देवापुढे बसले, पण जपात लक्ष लागेना. मागच्या पत्रात मी टोमणा मारला होता, मोठी झालीस, आईशी बोलायला फुरसत नाही. त्यावर तू लगेच फोन केलास. चार वाक्यं बोललीस, तीही खरखरीत. म्हणालीस सर्दी. मी वाफ घ्यायला सांगून फोन ठेवला. ती चार वाक्यं आता सारखी कानात वाजतात.

काल गिटारवाल्याला जेवायला बसवलं आणि विचारलं, "तिचा रियाज कसा चाललाय रे?" घास हातातच राहिला. "काकू, शपथ घातलीय तिने. तोंडातून शब्द काढायचा नाही." मी वाढत राहिले. कुणाला शपथ मोडायला लावणं पाप. बाबांना आमचं बोलणं ऐकू आलं नाही, पण त्याचा चेहरा दिसला. त्यांनी पाटी त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि वर खडू.

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं, "गळ्यात गाठ. डॉक्टर म्हणतात आधी ऑपरेशन, मग मौन. नाहीतर आवाज जाईल. कंपनी म्हणते आधी दौरा. सोमवारी सही." आम्ही वाचलं, तसं त्यानेच बाहीने पुसून टाकलं. तोंडातून शब्द काढलेला नाही, तेव्हा त्याच्यावर रागावू नकोस.

अगं, तुला भीती कसली वाटते? लोक विसरतील? विसरतील थोडे. गाणी तू स्वतः लिहितेस, त्याला गळा कुठे लागतो? कंपनीला आधीच्या करारापोटी भरपाई द्यावी लागली, तर तू पाठवलेलं सगळं बँकेत आहे, मी हात लावलेला नाही. आणि घरी कुठल्या तोंडाने जाऊ असं वाटत असेल, तर या घरात सगळं पाटीवरच चालतं. तुझं मौन इथे कुणाच्या लक्षातही येणार नाही. भांडायचं झालं तर अक्षर मोठं काढायचं. बाबा तेच करतात.

यंत्र त्यांनी डब्यातच ठेवलंय. लावून तरी बघा म्हटलं, तर लिहिलं, "तिची टाच उचलेल तेव्हा."

जन्मल्याबरोबर तू अख्खा दवाखाना जागा केलास, म्हणून त्यांनी तुला भोंगा म्हणायला सुरुवात केली. मी कालपासून देवाकडे एवढंच मागते आहे. तुझं गाणं त्याच्या मर्जीवर सोडलं. 'आई' म्हणशील, तेवढा आवाज मात्र उरायला हवा.

आज सकाळी बाजारातून दुसरी पाटी आणली. स्वयंपाकघरात बाबांच्या पाटीशेजारी खिळा ठोकून टांगली आहे.

हे पत्र गिटारवाल्याच्याच हाती देते, म्हणजे सोमवारच्या आत मिळेल. सही करू नकोस. कुठल्या गाडीने येतेस ते उलट टपाली कळव. फोन करू नकोस, बाळा. माझ्याशीसुद्धा एक अक्षर बोलू नकोस.

तुझी वाट पाहणारी,
आई