न्हाणीघराची दुसरी किल्ली

बुधवार, १३ मे २०२०

काल लिहिलं ते चूक आहे.

काल मी लिहिलं की आत्याला खोकला शनिवारी सुरू झाला. शनिवारी नाही. बुधवारी, ६ तारखेला. पहाटे न्हाणीघरात ती आत होती आणि मी नळाशी उभी होते, तेव्हा खोकली. दोनदा, मग थांबून एकदा. मी विचारलं, ब्लीच लागलं का गं घशाला? "लागणारच, तू बादलीभर ओततेस!" आणि आम्ही दोघी हसलो. शनिवारी आला तो ताप. सोमवारी अँब्युलन्स. मी खोकला आणि ताप एकच करून टाकले.

आत्यानेच शिकवलंय — लिहायचं तर तारीख आधी. तारीख चुकली की पुढचं सगळं खोटं. मी शाळेत गेले ती दोन वर्षं, तीही उशिरा. अक्षरं मला तिने साबणाच्या खोक्यांवरून आणि घोडेबाजाराच्या जाहिरातींवरून शिकवली. तेव्हा दुरुस्त केलं.

पण आता दुसरीच काळजी. कॅसिडी मंडळी, ते आयरिश भटके, आपला ट्रेलर घेऊन आमच्या तळावर आली मंगळवारी, ५ तारखेला, संध्याकाळी. बुधवारी पहाटे आत्या खोकली. रोग त्यांनी आणला असेल तर एका रात्रीत पोचला कसा?

बाबांना सांगितलं. बूट घालता घालता म्हणाले, "बुधवार काय नि शनिवार काय! ते यायच्या आधी कुणी आजारी होतं का? नव्हतं ना? मग झालं."

नेल्सनकाकांनी आज न्हाणीघराला कुलूप घातलं. आम्हा भटक्यांच्या या तळावर, चाकांवरच्या या घरांत, त्यांच्याहून मोठं कुणी नाही, त्यांचं म्हणणं शेवटचं. "आपल्या नऊ ट्रेलरांनी किल्ली माझ्याकडून न्यायची. त्या आयरिशांना द्यायची नाही. आपोआप जातील." एक किल्ली त्यांच्याकडे. दुसरी माझ्याकडे, कारण घासायचं काम माझं.


गुरुवार, १४ मे

आत्याला ऑक्सिजन लावलाय. भेटायला सोडत नाहीत. पन्नास वर्षांत ती घरच्या माणसांपासून लांब एक रात्र झोपलेली नाही.


शुक्रवार, १५ मे

फिलोमीना कॅसिडी आज न्हाणीघराशी आली. माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठी असेल. कडेवर धाकटी, हाताला मोठा पोरगा, आणि रिकामा कॅन पायाने ढकलत. नळ आणि संडास, दोन्ही न्हाणीघराच्या आतच! ती कुलपाकडे बघत उभी राहिली. जेंटीकाकू, म्हणजे नेल्सनकाकांची बायको, आपल्या पायरीवरूनच ओरडली —

"काय हवंय?"

"पाणी हवंय, बाई. आणि पोराला जायचंय."

"पेट्रोलपंपावर जा."

"तिथला बंद आहे. सगळीकडचे बंद आहेत. तुम्हाला माहीत नाही का?"

"मग आलीस तिथे जा!"

"तिथलाही बंद केला म्हणून तर आलो." हे ती रागाने नाही बोलली. दमून बोलली. पोरगा खोकला. "दमा आहे त्याला. जन्मापासून आहे. रोग नाही."

जेंटीकाकूने दार लावून घेतलं.

मी खिडकीच्या पडद्याआड होते. दुसरी किल्ली माझ्या खिशात होती. लिहून ठेवते — खिशात होती. मी हलले नाही.

ट्रेलरमध्ये संडास असतो, विकतानाच बसवलेला असतो. आम्ही तो काढून टाकतो आणि तिथे कोट टांगतो. ज्या छपराखाली अन्न शिजतं त्याच छपराखाली? शी! कॅसिडीही तसलेच असणार, त्या बाबतीत आपल्यासारखेच. म्हणजे आता ती पोरांना घेऊन चारीपलीकडच्या झुडपांत जात असेल. लॉरीवाल्यांना रस्त्यावरून दिसत असेल.


शनिवार, १६ मे

ओळीने घासलं. कड्या, नळ, साखळ्या, दिव्याचं बटण. मग पुन्हा तोच नळ, कारण पहिल्यांदा मोजला की नाही आठवेना.

सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे केलं असतं तर! मार्चमध्ये मी वेळांची यादी करून दारावर लावली होती. ट्रेलरप्रमाणे वीस वीस मिनिटं, मध्ये घासायला जागा. अक्षर सुरेख आलं होतं. जेंटीकाकूने दुसऱ्या दिवशी फाडली. "माझी जायची वेळ दारावर लावतेस? पुरुषांनी वाचायला? लाज नाही वाटत!" पुरुषांपैकी वाचता येतं कुणाला? पण तिचं बरोबरच होतं. बायका इथे पुरुषांच्या डोळ्यांदेखत तिकडे जात नाहीत. सगळ्या पाच वाजता उजाडायच्या आत जातात, एकत्र. लग्न न झालेली पोर तर एकटी जाऊच शकत नाही. माझी आई गेल्यापासून, म्हणजे चौदा वर्षं, आत्या रोज माझ्याबरोबर आली. खिडकी नसलेली ती एक खोली, आणि आम्ही सात जणी खांद्याला खांदा लावून.

घरात धुण्याची तीन भांडी. एक ताटवाट्यांचं, एक तोंड धुण्याचं, एक कपड्यांचं. यातलं त्यात कधी गेलं नाही. ओवळ्याची इतकी भीती बाळगली की वाटलं, रोग आपल्या दाराशी येऊन परत जाईल.


रविवार, १७ मे

नेल्सनकाकांनी कॅसिडींना निरोप पाठवला. पुढच्या रविवारी, २४ तारखेला, सकाळी दहाला फाटक उघडणार. जाताय तर जा, नाहीतर ट्रॅक्टर लावून ओढू.

बाबा म्हणाले, ट्रॅक्टर मी चालवीन.


सोमवार, १८ मे

जेवणाच्या वेळी रेडिओवर सांगितलं. वास जाणं, चव जाणं — हीसुद्धा आता लक्षणं धरायची. ताप नसला तरी.

मी बशी ठेवून बाहेर गेले.

मंगळवार, २८ एप्रिल. तारीख पक्की आहे, त्या दिवशी ब्लीचचा नवा डबा फोडला. फोडला आणि वासच नाही! मला वाटलं, दुकानदाराने पातळ माल गळ्यात मारला. म्हणून दुप्पट ओतलं. मग वाटलं, दुप्पट ओतल्यामुळे नाक बसलं. आठवडाभर तेच वाटत राहिलं. अंग किंचित जड होतं, ते घासण्याने. सगळ्याला कारण होतं! आणि रोज पहाटे त्या खोलीत गेले, आत्याला चिकटून, कारण थंडी होती.

२८ एप्रिल. कॅसिडी आले त्याच्या सात दिवस आधी.

अंडी आणायला मी एकटीच बाजारात जात होते. आणखी कुणी बाहेर पडत नव्हतं.


मंगळवार, १९ मे

बाबांना सांगितलं. तारखांसकट. ते ऐकत होते, घोड्याचा लगाम पुसत. संपल्यावर म्हणाले, "कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलायचंही नाही."

"बाबा, पण ती पोरं..."

"त्यांची पोरं ते बघतील! तुला कळतंय का हे काय होईल? उद्यापासून आपल्या हातचा चहा कुणी घेणार नाही. रोग जाईल गं, लेमी, रोग जातो. पण 'त्यांच्याकडून आलं' हे जात नाही. तुला ओवळी म्हणतील. पन्नास वर्षांची होशील तरी म्हणतील. कोण करेल तुला?"

मी म्हटलं, आत्याला मी...

"गप!" पहिल्यांदाच एवढ्या जोरात. मग हळू, लगामाकडे बघत, "ती बरी होऊन येईल. आली की विचार तिला, काय करायचं ते. तोवर तोंड बंद."

त्यांना दुसरी किल्ली आठवली नाही.


बुधवार, २० मे

पहाटे एकटी गेले. दुसऱ्या बायकांबरोबर जाववेना. त्यांच्याआधी, चारला.

फिलोमीना चारीकडून परत येत होती. धाकटी झोपलेली, मोठ्याची चड्डी ओली, तिचे बूट चिखलाने भरलेले. दोन मीटरवर थांबली, तोंडावर स्कार्फ ओढून घेतला. माझ्यासाठी! मला तिच्यापासून वाचवायला!

"तुमची आत्या ना दवाखान्यात?" ती म्हणाली. "कशी आहे?"

"तशीच."

"तिने आम्हाला आल्या रात्री पाव आणून दिला होता, पायरीवर ठेवून गेली. मी माळ जपते रोज तिच्यासाठी."

माझ्या हातात किल्ली होती, तिला दिसत होती. तिने किल्लीकडे बघून नजर वळवली, म्हणजे मला अवघड वाटू नये. मी कुलूप उघडलं, आत गेले आणि आतून कडी लावली.

आत बसून मोजलं. बाहेर तिची पावलं चौदा ऐकू आली.

हे लिहिलं पाहिजे, म्हणून लिहिलं.


गुरुवार, २१ मे

नर्सचा फोन सव्वातीनला आला. आत्या गेली. दोन वाजून दहा मिनिटांनी. जवळ नर्स होती, घरचं कुणी नाही.

बाबा पायरीवर बसलेत. जेंटीकाकू येऊन लांब उभी राहून रडून गेली. जाताना कॅसिडींच्या ट्रेलरकडे बघून थुंकली.

आमच्या रीतीने आत्याचं नाव आता उच्चारायचं नाही. अंत्ययात्रेनंतर तिचा ट्रेलर जाळायचा, कप, बशा, पलंगपोस, सगळं. मी फुलं काढलेली चादर आहे त्यात. अंत्ययात्रेला दहाच माणसं. तिच्या आईच्या वेळी चारशे होती.

नर्सने एक निरोप दिला. म्हणाली, मला अर्थ कळला नाही, पण त्यांनी दोनदा म्हणवून घेतलं. "लेमीला सांगा, माशी नव्हती."

बाबा म्हणाले, तापात बरळली असेल.

मला आठवेना.


शुक्रवार, २२ मे

आठवलं. बुधवारी, २९ एप्रिलला.

आत्याने चहा दिला होता. मी निम्मा प्यायले, काही वेगळं लागलं नाही. तिने स्वतःचा घोट घेतला आणि थांबली. माझ्या हातातला कप काढून घेतला, नाकाशी नेला, आणि दोन्ही कप बाहेर गवतात ओतले. मी विचारलं, काय झालं? माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काही नाही गं. माशी पडली होती."

माशी नव्हती. दूध नासलं होतं, आणि मला कळलं नाही.

एप्रिलमध्ये केंटला तिची चुलतबहीण या रोगाने वारली, तिचंही आधी नाकच गेलं होतं. आत्याने ते फोनवर ऐकलं होतं. म्हणजे मला रोग झालाय हे तिला कळलं, त्याच सकाळी. आणि दुसऱ्या दिवशी पाचच्या आधीच माझं दार वाजवलं, बाकी नेहमीसारखं. "चल, उठ. एकटी जायचं नाही." त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आणि त्याच्याही. बायकांना म्हणाली, आम्हा दोघींना घाई असते, आम्ही आधी जाऊन येतो. मला वाटलं होतं, थंडीमुळे.

पाव पायरीवर ठेवून आली. पायरीवर. हातात दिला नाही.

बाबा म्हणाले होते, ती आली की तिला विचार. तिने सांगितलं. नर्सकडून दोनदा म्हणवून घेऊन सांगितलं. खोटी तारीख मागे ठेवायची नव्हती तिला.

रविवारी, २४ मे, सकाळी दहा वाजता सगळे फाटकाशी असतील. नेल्सनकाकांनी फाटकाला हात लावायच्या आधी मी न्हाणीघराचं कुलूप काढणार आणि किल्ली फिलोमीनाच्या हातात देणार. मग मोठ्याने तारीख सांगणार. आधी तारीख, मग माझं नाव. दिवसाढवळ्या, पुरुषांच्या डोळ्यांदेखत, एकटी चालत जाऊन.